कोपऱ्यावरच्या एमजीची भानगड

अगं, कपडे घाल नंतर वाळत. ऊन पाच मिनिटांत कुठे जातंय? म्हणजे या देशात जातंही, पण जाऊ दे. मला आधी सांग, काल संध्याकाळी तुझा नवरा कोपऱ्यावरच्या घरासमोर त्या लाल गाडीत डोकं खुपसून काय करत होता? मी कुंड्यांना पाणी घालायच्या निमित्ताने फाटकापर्यंत जाऊन आले, तरी त्याचं डोकं काही बाहेर येईना.

— काकू, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही हं! ती एमजी विकायला काढलीय त्यांनी. हा घ्यायची म्हणतोय. एमजीबी, १९६३ची, स्पोकची चाकं. आणि गाडीतलं सगळं ओरिजिनल आहे म्हणे. एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही.

स्क्रूसुद्धा? वा! हे बघ, माणूस वाईट नाही. नाताळला न चुकता केक आणून देतो, आणि तो केकही बरा असतो. पण त्याने त्या गाडीत हात घालून कधी काही उघडलेलं नाही. ज्याच्याकडून घेतली त्याने जे सांगितलं तेच हा तुझ्या नवऱ्याला सांगतोय. त्या माणसालाही आणखी कुणी तरी तसंच सांगितलं असणार. खोटं कुणीच बोलत नाही आणि खरंही कुणाला ठाऊक नसतं.

मी पाहिलाय तिचा डॅशबोर्ड. मागे त्याने सगळ्या गल्लीला चहाला बोलावलं होतं ना, तेव्हा मी सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला हौस आलीय. फोटोसुद्धा काढले माझे. मी आपली तबकड्या वाचत बसले होते.

— तबकड्या?

मीटरच्या गं. स्पीडोमीटर, इंजिनाचे फेरे मोजणारा रेव्ह काउंटर, पेट्रोलचा काटा, ऑइल प्रेशरचा काटा. तुला सांगितलं नाही का कधी? रिटायर होईपर्यंत मी दुसरं केलं काय? आमचे वडील साताऱ्याला घड्याळजी. लहानपणापासून डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा. लग्न होऊन इथे आले, आणि घरात बसून काय करायचं म्हणून मीटर दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेले. मालकाने साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एक स्पीडोमीटर पुढे ठेवला. आतली हेअरस्प्रिंग गुंतली होती. मी ती सोडवून दिली. दुसऱ्या दिवसापासून कामावर.

आणि त्यात नवल काही नाही. ज्या स्मिथ्सचे हे मीटर, ते मूळचे घड्याळवालेच. सॅम्युअल स्मिथने १८५१ साली लंडनमध्ये दुकान काढलं. पुढे १९०४ साली राजा सातव्या एडवर्डच्या मोटारीला त्यांनी मैल मोजायचं यंत्र करून दिलं आणि तिथून त्यांचं गाड्यांशी नातं जुळलं. इंग्लंडातल्या बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांच्या डॅशबोर्डवर तेच. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जग्वार, कुठलंही घे.

— पण काकू, त्या गाडीवर मला स्मिथ्स नाही, जेगर लिहिलेलं दिसलं. मग ते बदललेत का?

नाही गं, तिथे बरोबर आहे तो. जेगर हे पॅरिसच्या एडमंड जेगरचं नाव. त्याची लंडनची शाखा १९२०च्या दशकाच्या अखेरीस स्मिथ्सच्याच हातात आली. मग ते आपल्या स्पोर्ट्स गाड्यांच्या मीटरवर जेगर छापायचे, घरगुती गाड्यांवर स्मिथ्स. आत यंत्र तेच. तो पलीकडच्या गल्लीतला टोपीवाला आहे ना, रविवारी पॉलिश करत बसतो तो, तो उगाच नाकाने कांदे सोलतो. म्हणतो, जेगरची बातच निराळी. मी त्याच जेगरच्या आणि त्याच स्मिथ्सच्या डब्यांतून तोच चुंबक आणि तीच अ‍ॅल्युमिनियमची वाटी बाहेर काढलीय. त्याला सांगून उपयोग नाही. नाव कुठल्या गाडीवर कुठल्या सालापर्यंत होतं ते मात्र बघायचं असतं. एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांवर जेगर, नंतरच्यांवर स्मिथ्स. तेव्हा १९६३च्या गाडीवर जेगर असणं ठीक.

माझ्या डोळ्यात खुपलं ते वेगळंच. रेव्ह काउंटरच्या तबकडीवर खाली, काट्याच्या बुंध्याशी, बारीक अक्षरं असतात. वाचायला कुणी जात नाही, कारण चष्मा लागतो आणि कंबर वाकवावी लागते. त्या गाडीत तिथे लिहिलंय आरव्हीआय.

— म्हणजे?

म्हणजे तो मीटर विजेवर चालतो. इंजिनाच्या इग्निशन कॉइलकडे जाणारी तार त्याच्या पाठीमागून एक वेढा घेऊन जाते, आणि प्रत्येक ठिणगीला त्या तारेत जो प्रवाहाचा झटका बसतो, तो मोजून काटा फिरतो. पुढे सत्तरच्या दशकात आरव्हीसी आले, ते व्होल्टेज मोजायचे, त्यांच्यामागे वेढा नसतो. आणि या दोघांच्या आधीचे आरएन, त्यांना तार नाहीच. स्पीडोमीटरला असते तशी फिरणारी केबल थेट इंजिनापासून येऊन त्यांच्या पाठीत बसते. एकाच आकाराची तबकडी, तेच आकडे, लांबून बघितलं तर तिन्ही सारखेच. अक्षरं वाचली की कळतं.

आता एमजीबी निघाली १९६२च्या सप्टेंबरात, इथेच, आपल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात. सुरुवातीच्या गाड्यांच्या इंजिनाला तीन मुख्य बेअरिंगं होती आणि रेव्ह काउंटर केबलवाला. १९६४च्या ऑक्टोबरात पाच बेअरिंगांचं इंजिन आलं आणि त्याच्याबरोबर विजेवरचा मीटर आला. मग १९६३च्या गाडीत आरव्हीआय कसा?

— बदलला असेल कुणी. बिघडला असेल.

अगं, मीही आधी तेच म्हटलं. पण डोकं चालव. केबलवाला बिघडला तर माणूस केबलवालाच आणेल ना? केबल तिथे तयार आहे, इंजिनातून निघतेय, पाठीत बसवली की झालं. उगाच तारा ओढत कोण बसेल? तार तेव्हा ओढावी लागते, जेव्हा इंजिनाकडे केबल लावायला जागाच उरत नाही.

— म्हणजे इंजिन बदललंय?

हळू बोल. त्याची खिडकी उघडी आहे.

मला तरी तसंच वाटतं. आणि बघ, हे काही लपलेलं नाही. इंजिनाला एक छोटी पत्र्याची पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते, तिच्यावर नंबर. १८जी किंवा १८जीए असेल तर तीन बेअरिंगांचं, १८जीबी असेल तर पाचांचं. नवऱ्याला म्हणावं, पॉलिशकडे बघू नकोस, बॉनेट उघड आणि ती पट्टी पूस. आणि गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमला लिही. त्यांच्याकडे कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. गाडी कुठल्या दिवशी तयार झाली, रंग कुठला, कुठल्या देशासाठी, मूळ इंजिनाचा नंबर काय, हे सगळं दाखल्यावर लिहून देतात. पैसे घेतात, पण देतात. मीटरचं त्यात काही नसतं, ते आपल्यालाच वाचावं लागतं.

— काकू, तुम्ही ते एवढ्याशा वेळात कसं पाहिलंत?

मी एकच गोष्ट पाहिली असं कुठे म्हटलं? त्याने रेडिओ ऐकवायला चावी फिरवली. सगळे म्हणाले, वा, जुना रेडिओ अजून वाजतो. मी पेट्रोलच्या काट्याकडे बघत होते. तो सावकाश, अगदी सावकाश वर चढला. १९६३च्या गाडीत तो टणकन उडी मारून जागेवर गेला पाहिजे. जुने पेट्रोलचे काटे लोखंड खेचणाऱ्या कॉइलवर चालायचे. चावी फिरवली की लगेच वर, आणि वळणावर टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं की काटाही हिंदकळायचा. पुढे दोन धातूंची पट्टी आली. तिच्याभोवतीची तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. तापायला वेळ लागतो म्हणून तो हळू. आणि बॅटरीचा दाब कमीजास्त झाला तर काटा चुकीचं दाखवू नये म्हणून मागे कुठे तरी एक लहानशी डबी असते, ती दहा व्होल्ट धरून ठेवते. एमजीबीत हा बदलही पाच बेअरिंगांच्या इंजिनाच्याच सुमाराला झाला.

म्हणजे बघ, रेव्ह काउंटर नंतरचा, पेट्रोलचा काटाही नंतरचा. एखादी नंतरची गाडी कुठे तरी झाडावर आपटली असणार, आणि तिचं इंजिन आणि डॅशबोर्डवरचं बरंचसं हिच्यात आलं असणार. कुणी केलं, कधी केलं, देव जाणे. पण केलंय व्यवस्थित.

— पण नंतरची म्हणजे किती नंतरची?

आत्ता कसं विचारलंस! जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असायचं. एमजीबीत ते १९६७ला बदललं, मग ऋण टोक पत्र्याला. विजेवरच्या रेव्ह काउंटरला या उलटसुलट गोष्टी चालत नाहीत, चुकीच्या गाडीत जोडला तर बंद पडतो, कधी जळतो. म्हणून बऱ्याच तबकड्यांवर पॉझिटिव्ह अर्थ किंवा निगेटिव्ह अर्थ असं छापलेलं असतं. त्याच्या तबकडीवर पॉझिटिव्ह. तेव्हा तो १९६४च्या शेवटापासून १९६७पर्यंतचा. मीटर बाहेर काढला तर आणखी नेमकं कळेल. पाठीवरच्या डब्यावर बहुतेकदा महिना आणि सालाचा शिक्का असतो. सहा आणि पासष्ट दिसलं की जून १९६५. गाडी तयार व्हायच्या आधी काही आठवडे किंवा काही महिने मीटर तयार झालेला असायचा. गाडीपेक्षा मीटर तरुण निघाला, तर तो नंतर आलेला, एवढं साधं गणित. जर्मन गाड्यांतही तेच. पोर्शच्या व्हीडीओ मीटरच्या पाठीवरही महिना-साल असतं, आणि पोर्शवाले तर त्या शिक्क्यासाठी एकमेकांचे गळे धरतात.

— अहो, पण शिक्का पुसलेला असला तर?

पुसलेला असला तरी डबा बोलतोच. पुढची चकाकती रिंग असते ना, ती स्क्रूने बसवलेली नसते. तिच्या कडेला लहान कान असतात, फिरवून डब्याच्या खाचांत अडकवायचे. कारखान्यातून आलेली रिंग एकदाही उघडली नसेल तर ते कान सरळ असतात. कुणी पेचकस घालून उचकटली असेल तर कान वाकलेले, काठावर ओरखडे. आम्ही वर्कशॉपमध्ये रिंग कापडात धरून, तेलाचा थेंब सोडून, वाट बघून फिरवायचो. हल्ली लोकांना वाट बघवत नाही.

आणि त्या गाडीत एक मीटर मात्र मला अजिबात आवडला नाही. ऑइल प्रेशर आणि पाण्याच्या तापमानाचा जोडमीटर. बाकीच्यांचे पांढरे आकडे पिवळसर झालेत, साठ वर्षांचं ऊन खाल्लंय त्यांनी. हा एकटा झगझगीत. कवळीतल्या दातांसारखा, बघता क्षणी कळतं. नवी तबकडी छापून चिकटवलीय. जुनी छपाई जाडसर असायची, काळा रंग जरा खरखरीत, चमक न मारणारा. नव्यात काळा गुळगुळीत आणि आकड्यांच्या कडा धारदार. शिवाय त्यावर तापमानाच्या जागी सी, एन आणि एच अशी अक्षरं आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत तिथे आकडे असायचे, किती अंश ते सांगणारे. पुढे कुणाला तरी वाटलं, गिऱ्हाइकाला अंश कळत नाहीत, थंड, बरं आणि गरम एवढंच सांगा. ते वाटणं मला आजही पटत नाही.

— मग तो मीटर खोटाच म्हणायचा?

डबा जुना असू शकतो, आतलं यंत्रही. त्याच्यातून एक बारीक तांब्याची नळी इंजिनापर्यंत जाते, आत ईथर भरलेलं. पाणी तापलं की ईथरचा दाब वाढतो आणि काटा सरकतो. नळी कुठे दुमडली, तुटली, की ईथर उडून गेलं आणि मीटर मेला. कितीतरी मेकॅनिकांनी इंजिन बाहेर काढताना कात्रीने कापलेल्या नळ्या माझ्या बाकावर आल्यात. तेव्हा नळी बदललेली असणं समजू शकतं, ती बदलावीच लागते. पण जिवंत जुन्या तबकडीवर नवा कागद डकवणाऱ्याला मी माफ करत नाही. पुसट होती तर पुसट राहू द्यायची. वाचता येत होती ना?

हल्ली नवे मीटरही मिळतात. वेल्समध्ये केअरबॉन्ट नावाची कंपनी आजही स्मिथ्सच्या नावाने मीटर बनवते, चांगले असतात, आणि त्यात लपवाछपवी काही नाही. आणि दुसरे येतात आपल्याच देशातून. जुन्या मोटारसायकलींसाठी स्मिथ्ससारखे दिसणारे स्पीडोमीटर भारतात ढिगाने होतात, जगभर विकले जातात. आमच्या वर्कशॉपात असा एक आला की सगळे माझ्याकडे बघायचे, जणू मीच रात्री घरी बसून बनवला. मी म्हणायचे, आधी वजन करा. हातात घेतल्यावर हलका लागतो. आतून उघडला की पत्रा पातळ.

— स्पीडोमीटरबद्दल काही बोलला नाहीत.

त्याची तर वेगळीच गंमत आहे. आठवतं, त्याला पोलिसांचं पत्र आलं होतं? गल्लीभर सांगत फिरत होता की मी तीसनेच चाललो होतो, कॅमेरा बिघडलाय, नगरपालिका लुटतेय. मला हसू आवरेना. स्पीडोमीटरच्या तबकडीवर मैलांच्या खिडकीखाली एक बारीक आकडा असतो. त्याच्यात १२८० आहे. म्हणजे एका मैलात केबलचे १२८० वेढे झाले तर हा मीटर खरं बोलेल. आता गाडीचा गिअरबॉक्स आणि मागचा आस मिळून केबलला मैलाला किती वेढे देतात, हे त्या त्या गाडीचं असतं. ते समज १००० असले, तर हा मीटर प्रत्येक वेग शंभराला अठ्ठ्याहत्तर दाखवणार. खरा वेग अडतीस, काटा तीसवर. बिचारा खरंच तीसनेच चालला होता, त्याच्यापुरता.

आणि लक्षात घे, मैलही तेवढेच कमी मोजले जातात. तो म्हणतो गाडी फार कमी चाललीय. चालली असेल, मीटरच्या हिशेबाने.

— मग ते तपासायचं कसं? गाडी पळवून?

ढकलून! तुझ्या नवऱ्याला सांग, स्पीडोमीटरच्या मागून केबल सोडव, तिच्या आतल्या तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण अडकव. एक जण आत बसून बाणाचे वेढे मोजेल, बाकीच्यांनी गाडी सरळ रेषेत १६ मीटर ९ सेंटिमीटर ढकलायची. तो मैलाचा शंभरावा भाग होतो. दहा वेढे झाले तर १०००, पावणेतेरा आणि थोडं झालं तर १२८०. चाकात हवा नीट भरलेली असू दे, नाही तर हिशेब चुकतो. पेट्रोल लागत नाही, लायसन्स लागत नाही, आणि गल्लीत सगळ्यांना करमणूक होते.

असं ढकलून मी कितीतरी जणांची तोंडं गप्प केलीत. एकदा वर्कशॉपात एक साहेब आले, ट्रायम्फवाले. म्हणे, माझं इंजिन वेड्यासारखं फिरतंय, उभ्या गाडीत नुसतं सोडलं तरी काटा पंधराशेवर. मी विचारलं, आवाज कसा येतो? म्हणाले, आवाज अगदी शांत. मग म्हटलं, इंजिनाला काही झालेलं नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, सहाच्यात तीन. चारचा मीटर सहाच्या गाडीत बसवला तर तो दीडपट दाखवतो. हजारचे पंधराशे. आणि उलट केलं, सहाचा मीटर चारच्या गाडीत, तर तीन हजारावर दोन हजार दिसतात, माणूस म्हणतो काय शांत गाडी आहे, आणि इंजिन बिचारं ओरडतंय. डब्याचा आकार एकच, तबकडी एकच. बाजारात कुणी वेगळे करून ठेवत नाही.

— बापरे. म्हणजे भारी गाड्यांतही असंच होत असेल?

भारीतच जास्त. जग्वारची ई-टाइप घे. १९६१ची पहिली, ३.८ लिटरची, तिच्या रेव्ह काउंटरला वीज द्यायला इंजिनाच्या कॅमशाफ्टला एक छोटा जनरेटर असतो. १९६४ला ४.२ लिटरची आली, तिच्यात जनरेटर नाही, ट्रान्झिस्टरवाला मीटर. तबकडी इतकी सारखी की दोन्हीच्या पोटात लहानसं घड्याळसुद्धा आहे. पण एकाच्या अक्षरांत नुसतं आरव्ही आणि दुसऱ्याच्या आरव्हीआय. ऑक्सफर्डकडचा एक डॉक्टर माझ्याकडे ३.८ घेऊन आला, म्हणे काटा हलत नाही, तीन जणांनी पाहिलं. तिघांनी मीटर पाहिला, पण कॅमशाफ्टकडे कुणी पाहिलंच नाही. जनरेटर जाग्यावर होता आणि त्याच्या तारा कुठेच जोडलेल्या नव्हत्या, कारण डॅशबोर्डवर बसलेला मीटर ४.२चा.

मला स्वतःला विचारशील तर सगळ्यांत लाडकी एमजी टीसी. १९४५ ते ४९. आपल्याकडे मुंबईच्या विंटेज रॅलीत टी मालिकेतल्या एमजी दिसतात बघ, लांब बॉनेट, दोन मोठे दिवे. टीसीत रेव्ह काउंटर ड्रायव्हरसमोर आणि स्पीडोमीटर शेजारच्या सीटसमोर. म्हणजे गाडी किती जोरात चाललीय ते बायकोला दिसणार, नवऱ्याला वाकून बघावं लागणार. कुणी हे डोकं चालवलं असेल त्याचं लग्न टिकलं का, मला नेहमी प्रश्न पडतो. वर एक छोटा दिवा असतो, वीस ते तीस मैलांच्या दरम्यान पेटणारा, कारण १९३५पासून इथे वस्तीत तीसची मर्यादा होती.

आणि टीसीचे मीटर चुंबकाचे नाहीत, क्रोनोमेट्रिक. आत खरंखुरं घड्याळाचं एस्केपमेंट. ते ठरावीक वेळ मोजतं, तेवढ्यात केबल किती फिरली ते बघतं, काटा तिथे नेऊन ठेवतं आणि पुन्हा मोजायला लागतं. म्हणून काटा टप्प्याटप्प्याने उड्या मारतो आणि कान दिला तर टिकटिक ऐकू येते. असा मीटर बाकावर आला की मी जेवायला उठायचे नाही. एखाद्या टीसीचा काटा अलगद, न थबकता वर गेला, तर समजायचं की चेहरा जुना आहे आणि पोटात दुसरंच काही घातलंय. चेहऱ्यावरून कळणार नाही, चालीवरून कळतं. एक मात्र सांगते, फार जुन्या गाड्यांचे काही मीटर अंधारात दिसावेत म्हणून रेडियमच्या रंगाने रंगवलेले असायचे. हिरवट, चुरा होणारा रंग दिसला तर खरवडायचा नाही, फुंकायचा नाही. रंगाची चमक जाते, रेडियम तिथेच असतो.

— काकू, मग आता मी याला काय सांगू? घेऊ नको म्हणू?

असं कुठे म्हटलं मी? घे म्हणावं. गाडी चांगली आहे. पाच बेअरिंगांचं इंजिन तीनच्यापेक्षा दणकट, रोज चालवायला उलट बरं. पण १९६३ची, मूळ इंजिनाची, म्हणून जो भाव लावलाय तो द्यायचा नाही. बॉनेट उघडायचं, नंबर वाचायचा, दाखला मागवायचा, मग बोलायचं. त्या माणसाचा अपमान करायचा नाही. त्याला हे खरंच माहीत नाही.

आणि घेतल्यावर एक मूर्खपणा करू नका म्हणावं. लोक काय करतात, हे सगळं कळलं की बाजारातून एक केबलवाला रेव्ह काउंटर आणतात, १९६३चा शिक्का शोधून काढतात, डॅशबोर्डवर लावतात. केबल लावायला इंजिनात जागा नाही, मग आत चोरून बॅटरीवर चालणारं काही तरी भरतात. आता कुणाला फसवलं? तो आरव्हीआय मीटर त्या गाडीत कदाचित चाळीस-पन्नास वर्षं असेल. कुणा मेकॅनिकने इंजिन बदललं, आणि मीटर त्याला जुळणारा बसवला, अगदी बरोबर ध्रुवाचा. अशी माणसं मला आवडतात. शिवाय त्या काळात बिघडलेला मीटर दुकानात देऊन दुरुस्त केलेला दुसरा घरी न्यायची पद्धत होती, आमच्याकडे फळीवर असे ओळीने ठेवलेले असायचे. म्हणून गाडीपेक्षा चार वर्षांनी तरुण मीटर दिसला की लगेच चोर-चोर ओरडायचं नाही.

स्पीडोमीटरचं मात्र बघा. तो पाहिजे त्या वेढ्यांना जुळवून मिळतो, आतले दात बदलून आणि चुंबक कमीजास्त करून. एक म्हातारा आहे अजून हे काम करणारा, मी फोन करीन त्याला. आणि जोडमीटरवरचा तो कागद मला आणून द्या. वाफेवर धरला तर सुटेल, खाली जुनं काय आहे ते बघू. माझं भिंग आहे अजून कपाटात.

— आणि किती कमी सांगू त्यांना? काकू, किती?

आधी दहा टक्के म्हणायचं. तो नाही म्हणणार. मग तू... थांब, थांब, दार उघडलं त्याचं. कुत्र्याला घेऊन इकडेच येतोय. तिकडे बघू नकोस गं! कपडे घाल, कपडे घाल वाळत. हॅलो, हॅलो! हो ना, किती छान ऊन पडलंय! आम्ही आपलं टोमॅटोंबद्दल बोलत होतो.